दोन निखर्व जोड्या आणि एक कागद

जुन्नर तालुका घ्या. त्याला आंबेगाव जोडा. माळशेजच्या धुक्यापासून भीमाशंकरच्या झाडीपर्यंत सगळी माणसं मोजा. ओतूर, आळेफाटा, नारायणगाव, मंचर, घोडेगाव, डोंगरातल्या ठाकरवाड्या, कुणालाही सोडू नका. २०११ च्या जनगणनेत ही माणसं भरली साधारण ६ लाख ३५ हजार. आता प्रत्येकानं एकेक डोळा पुढे करायचा. उजवा चालेल, डावा चालेल, पण एकच. मग त्यातला प्रत्येक डोळा बाकीच्या प्रत्येक डोळ्याशी ताडून पाहायचा. खोडदच्या आजीचा डोळा आहुप्याच्या पोराशी, त्या पोराचा मंचरच्या अडत्याशी, अडत्याचा जुन्नरच्या मास्तरांशी, असं शेवटपर्यंत. किती जोड्या होतील?

२० हजार कोटी!

एवढा आकडा तोंडानं नीट म्हणायला कोटीच्या पुढची उतरंड लागते, आणि ती आपल्याकडे आहे. बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त ती मांडून ठेवली आहे. कोटी, मग अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य आणि सगळ्यात शेवटी परार्ध. दर पायरीला दहापट. त्या हिशेबात आपल्या दोन तालुक्यांतल्या डोळ्यांच्या जोड्या भरतात दोन निखर्व. ही नावं पाठ करताना वाटायचं, एवढं मोजायला लागणार तरी काय? आज सांगता येतं, डोळे.

आणि हा खेळ नुसता कल्पनेतला नाही. केंब्रिज विद्यापीठातले जॉन डॉगमन यांनी तो खरोखर खेळला. बाहुलीभोवतीचं जे रंगीत कडं, ज्याला आपण बुबुळ म्हणतो, त्यावरून माणूस ओळखण्याची गणिती रीत त्यांचीच. तिचं पेटंट त्यांना १९९४ मध्ये मिळालं. संयुक्त अरब अमिरातीनं २००१ पासून आपल्या विमानतळांवर आणि सीमांवर येणाऱ्यांची बुबुळं तपासायला सुरुवात केली, आणि त्यातली ६,३२,५०० बुबुळं डॉगमन यांनी २००६ च्या आपल्या अभ्यासात एकमेकांशी ताडली. १५२ देशांचे लोक होते त्यात. आता हा आकडा पुन्हा वाचा. ६,३२,५००! आपल्या दोन तालुक्यांपेक्षा अवघे पावणेतीन हजार कमी, म्हणजे एखाद्या मध्यम गावाएवढाच फरक. जुन्नर आणि आंबेगाव उचलून दुबईच्या विमानतळावर उभे केले असते तरी प्रयोग तेवढाच झाला असता.

दोन निखर्व डोळ्यांपुढे आणायचे, तर ज्वारी घ्या. हजार दाण्यांचं वजन तीस ग्रॅम धरू. दर जोडीमागे एक दाणा टाकत गेलो तर ६ हजार टन ज्वारी होते. दहा टनी ट्रक लावले तर सहाशे ट्रक. मंचरच्या बाजार समितीच्या दारात ते उभे करायला घेतले, तर रांग महामार्गानं काही किलोमीटर मागे जाईल. ट्रक नकोत, विहिरी घेऊ. आठ मीटर रुंद, पंधरा मीटर खोल, चांगली बांधीव विहीर. अशा दहा विहिरी काठोकाठ भरतील आणि अकरावीही निम्म्यापर्यंत येईल.

बरं, एका माणसानं बसून हे ताडायचं म्हटलं, सेकंदाला एक जोडी, ना झोप, ना जेवण, ना सणवार, तर त्याला ६,३०० वर्षं लागतील. नाणेघाटातले सातवाहनांचे लेख दोन हजार वर्षांचे. त्या घाटात जकात टाकायचा म्हणतात तो दगडी रांजण आहे ना, तो घडवण्याच्या चार हजार वर्षं आधीच या माणसाला कामाला बसावं लागलं असतं. साध्या संगणकाला, सेकंदाला दहा लाख जोड्यांच्या वेगानं, हेच काम अडीच दिवसांचंही नाही. सोमवारी सकाळी लावलं तर बुधवारी संध्याकाळी चहाच्या वेळेला निकाल हातात!

निकाल ऐकण्याआधी एवढं लक्षात घ्या. डॉगमन यांच्या रीतीत एक बुबुळ म्हणजे २,०४८ शून्य आणि एक. बस्स. रुपयाच्या नाण्याच्या जेमतेम निम्म्या रुंदीचं ते कडं, आणि त्याचा सगळा मजकूर मासिकाच्या एका पानावर मावेल एवढा. दोन परक्या माणसांची पानं शेजारी ठेवली तर साधारण निम्मी अक्षरं जुळतात, निम्मी जुळत नाहीत. नाणी उडवावीत तसं. त्याच माणसाच्या त्याच डोळ्याचं पान पुन्हा काढलं, तर फरक फार थोडा. आता निकाल. दोन निखर्व परक्या जोड्यांत २६ टक्क्यांहून कमी फरकाच्या जोड्या किती निघाल्या? एकही नाही. दहा विहिरी उपसल्या, शेवटचा दाणा हातात घेतला, आणि जुळलेल्या जोडीचा दाणा मिळालाच नाही.

का मिळाला नाही? डॉगमन यांच्या मापानुसार त्या २,०४८ खुणांत एकमेकांवर अवलंबून नसलेल्या अशा २४९ निघतात. म्हणजे २४९ नाणी एकदम उडवायची. ती किती तऱ्हांनी पडतील? एकाला दोनानं २४९ वेळा गुणत गेल्यावर काय येतं ते मोजायला भास्कराचार्यांची उतरंडसुद्धा पुरत नाही. परार्धाला परार्धानं गुणा. त्याला पुन्हा परार्धानं. त्याला आणखी एकदा परार्धानं. आणि एवढं झाल्यावर त्याला ९० लाखांनी गुणा. तेव्हा कुठे त्याच्या जवळ पोचतो आपण. रुपयाच्या नाण्याच्या निम्म्या रुंदीत हे सगळं मांडलेलं आहे, आणि प्रत्येकाच्या चेहऱ्यावर ते दोनदा आहे. दोनदा! कारण आपला डावा आणि उजवा डोळासुद्धा एकमेकांना परकेच. जुळ्या भावांचे डोळे परके, ते तर वेगळंच.

याचा चटका लावणारा पुरावा अफगाणिस्तानातून आला. स्टीव्ह मॅककरी यांनी १९८४ मध्ये पाकिस्तानातल्या निर्वासितांच्या छावणीत टिपलेली ती हिरव्या डोळ्यांची मुलगी आठवते? जून १९८५ च्या ‘नॅशनल जिओग्राफिक’चं मुखपृष्ठ. २००२ मध्ये एक संसारी बाई सापडली, शरबत गुला. तीच का ही? अठरा वर्षं, युद्ध, उन्हातान्हानं रापलेला चेहरा. डॉगमन यांनी जुन्या आणि नव्या फोटोतली बुबुळं ताडली. उजव्या डोळ्याचा हिशेब आला असा : दोन वेगळ्या माणसांत एवढा मेळ ६० लाखांत एकदा पडेल. डाव्या डोळ्याचा? एक अंत्यात एकदा. अंत्य म्हणजे एकावर पंधरा शून्यं. पुन्हा ज्वारी घ्या. एक अंत्य दाणे म्हणजे ३ कोटी टन. विहिरी सोडा आता, धरण काढा. एक टीएमसी, दीड टीएमसी ही भाषा कुकडीच्या खोऱ्यात शेंबड्या पोरालाही कळते. एवढी ज्वारी भरते १.४ टीएमसी. मीना नदीवरचं वडज धरण काठोकाठ भरून ज्वारी सांडव्यावरून वाहायला लागेल! आणि त्या धरणभर दाण्यांतला एकच चुकीचा. इतक्या खात्रीनं ती तीच होती.

आता आपल्या देशात या. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली या आदिवासी गावात देशातलं पहिलं आधार दिलं गेलं. दहा बोटं, दोन बुबुळं, एक चेहरा. पुढे दिवसाला दहा-दहा लाख माणसांची नोंदणी व्हायला लागली. नव्या माणसाचं नाव आधीच दुसऱ्या नंबरावर नाही ना, हे पाहायचं तर त्याला साठवणीतल्या प्रत्येकाशी ताडावं लागतं. साठवणीत ६० कोटी असताना एका दिवशी १० लाख नवे आले, तर त्या एका दिवसाच्या तुलना किती? सहा जलधी. आपला तो न झोपणारा माणूस पुन्हा बसवा, सेकंदाला एक. त्याला १ कोटी ९० लाख वर्षं लागतील. शिवनेरीचा काळा पाषाण लाव्हा होऊन वाहिला तो साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी. म्हणजे शिवनेरीच्या खडकाच्या वयाच्या पाव हिश्शाहून जास्त काळ, एका दिवसाच्या कामाला!

उलटी गंमतही बघा. आज आधारधारक १३० कोटींच्या पुढे. डोळे २६० कोटी. दर डोळ्याला एक पान छापलं आणि पानं एकावर एक दाबून आडवी ठेवत गेलो, तर मुंबईहून निघालेली ती चळत पुण्याला पोचेल, वळेल, घाट उतरेल आणि पनवेलच्या अलीकडे संपेल. २६० किलोमीटर नुसता कागद. पण तेच कोड संगणकात भरा. सगळ्या भारताची सगळी बुबुळं एका १ टीबीच्या डिस्कमध्ये मावतात, जागा उरते. नेहरू शर्टाच्या खिशात अख्खा देश. आधारची खरी साठवण याहून फार मोठी, तिथं मूळ चित्रं असतात, पण नुसते कोड म्हणाल तर खिसा पुरे.

इथवर धाप लागली असेल तर जरा थांबा, कारण पुढचा आकडा एकच आहे. एक. एक कागद.

मे २०१७. जर्मनीतल्या केऑस कॉम्प्युटर क्लबमधला स्टारबग या टोपणनावाचा संशोधक सॅमसंगचा गॅलेक्सी एस-८ हा नवाकोरा फोन घेऊन बसला. फोन बुबुळ पाहून उघडायचा. त्यानं काय केलं? साध्या कॅमेऱ्याच्या रात्रीच्या मोडमध्ये डोळ्याचा फोटो काढला, लेझर प्रिंटरवर छापला आणि बाहुलीवर एक साधी कॉन्टॅक्ट लेन्स ठेवली, डोळ्याला असते तशी गोलाई यावी म्हणून. फोन उघडला! फोटो पाच मीटरवरून काढला तरी चालतो, असं त्या मंडळींनी सांगितलं. पाच मीटर म्हणजे एसटीत आपल्या मागच्या सहा-सात रांगा. या सगळ्या उद्योगात महाग काय पडलं, तर तो फोनच.

परार्ध गेले कुठे? कुठेच गेले नाहीत, ते जागच्या जागी आहेत. तुमचा डोळा दुसऱ्या कुणाचा नाही, हे परार्ध अजूनही छातीठोक सांगतात. पण समोर आहे तो डोळा की डोळ्याचं चित्र, हे त्यांना विचारलेलंच नव्हतं. कागदावरच्या त्या २,०४८ खुणा खऱ्याच होत्या. खोटा होता तो कागद.

मराठी माणसाला हे दुखणं जुनंच ठाऊक आहे. १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. देह नक्की कोणता, याची कुजबुज राहिली, आणि भाऊसाहेबांचा तोतया उभा राहिला. चेहरेपट्टी जुळते म्हणणारे निघाले, फौज जमली, बंड झालं, आणि १७७६ मध्ये त्याला देहदंड होईपर्यंत पेशवाईची झोप उडाली. पंधरा वर्षं एका प्रश्नाला! म्हणून मी यंत्रापुढे धरलेल्या अशा खोट्या डोळ्याला तोतया डोळाच म्हणतो. शब्द आपला आहे आणि चपखल आहे.

या तोतयांच्या जाती तरी किती! कागदावर छापलेला डोळा हा सगळ्यात गरीब. २००२ मध्येच जर्मनीत त्या कागदाला बाहुलीच्या जागी भोक पाडून मागून स्वतःचा खरा डोळा लावायची युक्ती झाली होती. यंत्राला मधली खरी, ओली, चमकणारी बाहुली दिसली आणि ते फसलं. मग मोबाइलच्या पडद्यावरचा डोळा. मग नक्षी छापलेली रंगीत लेन्स. मग काचेचा नाहीतर प्लास्टिकचा कृत्रिम डोळा. आणि शेवटी ज्याचं नाव घेताना अंगावर काटा येतो तो, मेलेल्या माणसाचा डोळा. पोलंडमधल्या संशोधकांनी शवागारात ताडून पाहिलं. मृत्यूनंतर पाच-सात तास बहुतेक बुबुळं ओळखू येत होती, आणि थंडाव्यात ठेवलेल्या देहांपैकी काहींची जुळणी तर २१ दिवसांनंतरही झाली. २१ दिवस! तेरावा होऊन आठ दिवस उलटलेले असतात तोवर.

उलट्या दिशेचेही तोतये असतात. त्यांना दुसरा कुणी व्हायचं नसतं, फक्त आपण आपण नाही असं भासवायचं असतं. अमिरातीतून हाकलून दिलेले काहीजण परत शिरताना डोळ्यांत औषधाचे थेंब घालून यायला लागले. बाहुली ताणून मोठी होते, बुबुळाची पट्टी आवळून जाते, नक्षी ओळखू येत नाही. आपल्या बांधावर फुकट उगवतो तो धोतरा, त्यातलं ॲट्रोपिन हेच करतं. यंत्राला मग शिकवलं गेलं : बाहुली बुबुळाच्या ६० टक्क्यांहून रुंद दिसली की थांबव, औषध उतरू दे, मग बघू. बुबुळ १२ मिलिमीटरचं धरलं तर ६० टक्के म्हणजे सव्वासात मिलिमीटर. ज्वारीच्या दोन दाण्यांएवढ्या अंतरावर एका देशाची सीमा राखली जाते.

मग तोतया पकडतात कसा? शिवनेरीवर चढा, माझं सगळ्यात आवडतं उत्तर तिथून दिसतं. खाली नारायणगावच्या बाजूला द्राक्षबागा. ओळीच ओळी, सरळ, सारख्या अंतराच्या. एवढ्या उंचीवरूनसुद्धा कुणी सांगेल की हे माणसानं लावलंय. आता भीमाशंकरचं रान आठवा. एक झाड दुसऱ्याच्या ओळीत नाही. खरं बुबुळ हे भीमाशंकर आहे. छापलेलं बुबुळ ही द्राक्षबाग. लेझर प्रिंटर इंचात १,२०० ठिपके मारत असेल, तर बारा मिलिमीटरच्या डोळ्यात एका ओळीला साडेपाचशेहून जास्त ठिपके बसतात, एका ठिपक्याचं अंतर मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढं. आपल्या नजरेला ते रान वाटतं. गणित मात्र त्या चित्रातली लय मोजतं, आणि लय सापडली की म्हणतं, ही बाग आहे. रंगीत लेन्सवरही अशीच ठिपक्यांची बाग असते. दिल्लीच्या आयआयआयटीतल्या संशोधकांनी केवळ हेच शिकवण्यासाठी १०१ माणसांच्या डोळ्यांची ६,५७० चित्रं जमवली, लेन्सशिवाय, साध्या लेन्ससह, रंगीत लेन्ससह.

दुसरं हत्यार म्हणजे न दिसणारा उजेड. आपले डोळे काळेभोर, साध्या प्रकाशात त्यांची नक्षी दिसतच नाही. म्हणून यंत्र ७०० ते ९०० नॅनोमीटरचा, जवळजवळ अदृश्य असा उजेड टाकतं आणि काळ्या डोळ्यात एकदम दऱ्याखोरी उमटतात. ही लहर किती बारीक? आपल्या एका केसाच्या जाडीत अशा ऐंशी लाटा मावतील. आणि याच जुन्नर तालुक्यात खोडदला आणि आसपास जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५-४५ मीटरच्या तीस तबकड्या आकाशातल्या मीटरभर लांबीच्या लाटा ऐकत बसल्या आहेत. डोळ्याच्या यंत्राची लाट ताणून सेंटिमीटरभर केली, तर त्याच मापानं खोडदची लाट पावणेबारा किलोमीटर होईल, नारायणगावातून निघून जुन्नर दिसायला लागेपर्यंत. लहर लाखो पटींनी वेगळी, दुखणं मात्र एकच. त्या तबकड्यांनाही ताऱ्याची खरी कुजबुज मोबाइल आणि विजेच्या तारांच्या खोट्या खरखरीतून निवडायची असते.

आणि तिसरं, मला वाटतं सगळ्यात सुंदर. जिवंत बाहुली कधी गप्प बसत नाही. आपण एकटक पाहत असलो तरी ती किंचित मोठी, किंचित लहान होत राहते. उजेड पडला की पाव सेकंदात आक्रसायला लागते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर शंभरच्या वेगानं धावणारी गाडी तेवढ्यात सात मीटर जाते. कागद आक्रसत नाही. काच आक्रसत नाही. मेलेला डोळा आक्रसत नाही.

मग तोतया आता हरला असेल, असं वाटतं ना? लिव्हडेट-आयरिस नावाची एक स्पर्धा भरते. जगभरातले संशोधक आपापली तोतयापकड घेऊन उतरतात. २०१७ च्या विजेत्याकडून शंभरातले जवळजवळ १५ तोतये निसटले. २०२० मध्ये परीक्षा कठीण केली. पाच जातींचे तोतये, त्यात मृतांचे डोळेसुद्धा, आणि सरावासाठी ठरावीक चित्रं दिलीच नाहीत. पहिल्या आलेल्याकडून किती निसटले? ५९.१० टक्के! हा नापासाचा नव्हे, पहिल्या नंबराचा आकडा आहे. मात्र खऱ्या माणसांना त्यानं फारसा त्रास दिला नाही, हजारात जेमतेम पाच, ०.४६ टक्के.

चला परत आपल्या दोन तालुक्यांत. ६ लाख ३५ हजार खरी माणसं या यंत्रापुढून गेली तर २,९०० माणसांना ते म्हणेल, तू खरा नाहीस. ५८ एसट्या भरून माणसं, स्वतःचाच डोळा घेऊन परत. आणि तितकेच, ६ लाख ३५ हजार तोतये रांगेत लावले तर पावणेचार लाख आत शिरतील. जवळजवळ अख्खा जुन्नर तालुका, तोतयांचा!

आता देश घ्या. एप्रिल २०२५ या एका महिन्यात आधारवर ओळख पटवण्याचे व्यवहार झाले सुमारे २१० कोटी. ओटीपी, बोट, चेहरा, डोळा, सगळे धरून. दिवसाला ७ कोटी. मुंबईच्या लोकलनं रोज ७५ लाख जातात, ही त्याच्या नऊपट गर्दी. देशातल्या सगळ्या रेल्वेगाड्यांत मिळून दिवसाला दोन कोटींच्या आसपास माणसं बसतात, ही त्याच्या साडेतीनपट. हे सगळे जण उद्या डोळाच दाखवायला लागले आणि तो हजारी पाचाचा आकडा, नुसता मापासाठी, या गर्दीला लावला, तर रोज ३ लाख २० हजार खरी माणसं दारातून परत. अख्खा आंबेगाव तालुका सकाळी, आणि त्याच्या वर आणखी ८० हजार दुपारी. रोज! म्हणजे एकाच यंत्राकडून आंबेगाव परत जातो आणि जुन्नरभर तोतये आतही येतात. परार्ध ज्याच्या खिशात आहेत त्या शास्त्राला हजारातल्या पाचांपाशी असा घाम फुटतो.

आणि हे कागदावरचं भय नाही. सप्टेंबर २०१७ मध्ये कानपूरला उत्तर प्रदेश पोलिसांच्या विशेष पथकानं आधार नोंदणीतली टोळी पकडली. नोंदणी करणाऱ्या ऑपरेटरच्या बोटांचे बनावट ठसे, आणि डोळ्याची अट आली तेव्हा ती वळसा घालून चुकवणारं फिरवलेलं सॉफ्टवेअर. २०१८ मध्ये हफपोस्ट इंडियानं बातमी दिली की एका बेकायदा पॅचनं नोंदणीच्या सॉफ्टवेअरमधली बुबुळाची तपासणी सैल होते, इतकी की ऑपरेटरच्या जागी त्याचा फोटो चालावा. आधार प्राधिकरणानं ते नाकारलं. पण चोर कुठे हात घालतो ते पाहा. २,०४८ खुणांच्या किल्ल्याला कुणी शिडी लावत नाही, दरवानाला झोपवतात.

आणि तरीही डोळा लागतोच. माझ्या आत्याचा अंगठा कधीच उमटत नाही. साठ वर्षं भात लावून, राब भाजून, दोर ओढून तिच्या बोटांच्या रेघाच उरल्या नाहीत. आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात अशी बोटं घरोघरी आहेत. ‘अंगठा येत नाही’ हे वाक्य ऐकून ती कितीदा तरी रेशनच्या दुकानातून रिकाम्या पिशवीनं परतली असेल. मागच्या पावसाळ्यात मी तिला एका सेवा केंद्रात घेऊन गेलो, तिथं डोळ्याचं यंत्र होतं. दुर्बिणीसारखं, काळं, रबराची कड असलेलं. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि ते दोन्ही हातांनी डोळ्यांना लावलं.

“आजी, डोळं मोठं करा. हलू नका.”

“हलत न्हाई रं बाबा.”

मी बाजूला वाकून पडद्यावर पाहत होतो. राखाडी रंगात तिचा डोळा पडदाभर आला. बुबुळावर दऱ्या, ओढे, कडे, सगळा सह्याद्री. पापणी थरथरत होती. त्या पाव सेकंदात देशभरात आणखी दोनशे जणांची, चार एसट्या भरून माणसांची ओळख पटून गेली असेल. यंत्राच्या कडेचा हिरवा दिवा लागला. मधली काळी बाहुली जराशी आक्रसली, पुन्हा जराशी फुलली. पोरानं बटण दाबलं.

“झालं, आजी.”

“येवढ्यात?” ती म्हणाली, आणि यंत्र डोळ्यांवरून काढायला तयारच होईना.